मंगळावरचे फोटो घरी कसे ‘धुवायचे’? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सात-आठ जण महिन्यातून दोन रविवारी कोल्हापुरात राजारामपुरीत एकाच्या घरी लॅपटॉप घेऊन बसतो. मंगळावर उतरलेल्या यानांचे कच्चे फोटो उतरवून घेतो, जोडतो, त्यांचे रंग लावतो. आमच्यात कुणी शास्त्रज्ञ नाही. एक जण बँकेत आहे, एकाचं वर्कशॉप आहे, दोघी शिक्षिका आहेत आणि तिघं अजून कॉलेजात शिकतात. ओळखीपाळखीचे लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एकदा लिहून काढली.

म्हणजे तुम्ही दुर्बिणीतून मंगळाचे फोटो काढता?

नाही. फोटो यानानं मंगळावर उभं राहून काढलेले असतात. ते आधी मंगळाभोवती फिरणाऱ्या एखाद्या उपग्रहाकडे जातात आणि तिथून पृथ्वीवरच्या मोठ्या अँटेनांकडे येतात. दोन ग्रहांमधलं अंतर सतत बदलत असल्यामुळे हा संदेश यायला कधी ३-४ मिनिटं लागतात, तर कधी २०-२२. नासा हे फोटो फारशी साफसफाई न करता लोकांसाठी खुले करते. आमचं काम तिथून पुढे सुरू होतं.

पूर्वी फिल्मचा रोल स्टुडिओत धुवायला द्यायचा असायचा, तसंच हे. रोल दुसऱ्यानं काढलाय, धुतो आम्ही.

कुठल्या यानाचे फोटो घेता?

सर्वांत जास्त काम आम्ही इनसाइटवर केलंय. हे लँडर, म्हणजे उतरलं तिथंच राहिलं. क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स हे रोव्हर आहेत, ते फिरतात. पर्सिव्हिअरन्स उतरलं तेव्हा आपल्याकडे १९ फेब्रुवारी २०२१ ची रात्र होती, २ वाजून २५ मिनिटं झाली होती आणि दिवस शिवजयंतीचा होता. त्या रात्री कोल्हापुरात जागं असायला आम्हाला वेगळं कारण लागलं नाही.

इनसाइट २६ नोव्हेंबर २०१८ ला इलिसियम प्लॅनिशिया या सपाट मैदानात उतरलं. आपल्या घड्याळात २७ तारीख लागली होती, रात्रीचा सव्वा वाजून गेला होता. पहिला फोटो काही मिनिटांतच आला. यानाबरोबर मंगळापर्यंत गेलेल्या ब्रीफकेसएवढ्या दोन छोट्या उपग्रहांनी, मार्को नावाच्या जोडीनं, तो पुढे पाठवला होता. कॅमेऱ्यावर पारदर्शक झाकण होतं आणि उतरताना उडालेली माती त्याला चिकटली होती, त्यामुळे फोटोभर काळे ठिपके. त्यांच्या मागे वाकडं दिसणारं क्षितिज आणि कोपऱ्यात यानाचा एक पाय. तो फोटो मी अजून पुसून साफ केलेला नाही, करणारही नाही.

पण इनसाइट तर बंद पडलं की! मग जुन्या फोटोंवर कशाला बसायचं?

बंद पडलं हे खरं. सोलर पॅनेलवर धूळ साचत गेली, वीज कमी कमी होत गेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये नासानं मोहीम संपल्याचं जाहीर केलं. पण चार वर्षांचे फोटो तिथंच आहेत आणि त्यांतले कितीतरी कुणी नीट पाहिलेलेही नाहीत.

नवशिक्यासाठी तर लँडर रोव्हरपेक्षा बरा, असं माझं ठाम मत आहे. रोव्हर रोज नवी जागा दाखवतो आणि आपण नुसते हरखून बघत राहतो. लँडर चार वर्षं एकच अंगण दाखवतो. तोच दगड, तीच तार, तोच खड्डा. त्यामुळे प्रकाश बदलला की काय होतं, धूळ बसली की काय होतं, हे डोळ्यांना समजायला लागतं. डिसेंबर २०१८ मधला यानाचा पहिला सेल्फी आणि एप्रिल २०२२ मधला शेवटचा सेल्फी शेजारी ठेवून बघा. पहिल्यात पॅनेल गडद, लखलखीत आहेत. शेवटच्यात यान कुठं संपतं आणि माती कुठं सुरू होते, हे शोधावं लागतं.

फोटो कुठून घ्यायचे? पैसे पडतात का?

पैसे अजिबात पडत नाहीत. नासाच्या मंगळ मोहिमांच्या संकेतस्थळावर प्रत्येक यानाचे कच्चे फोटो सोलप्रमाणे लावलेले आहेत. सोल म्हणजे मंगळाचा एक दिवस, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. फोटोखाली तिथली स्थानिक वेळही दिलेली असते. ती वहीत नक्की लिहून ठेवा, रंग लावताना तिचा आधार लागतो.

ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांच्यासाठी नासाचं ‘प्लॅनेटरी डेटा सिस्टिम’ नावाचं कायमचं दफ्तर आहे. तिथं माहिती काही महिन्यांनी येते, पण पूर्ण येते. कॅमेरा कुठल्या कोनात होता, किती वेळ उघडा होता, सगळं. सुरुवात तिथून करू नका, घाबरून सोडून द्याल.

फाइलच्या नावात एवढे आकडे असतात, ते कसले?

ते नाव म्हणजे फोटोचा सातबारा. इनसाइटच्या फाइलचं पहिलं अक्षर ‘डी’ असेल तर फोटो हातावरच्या कॅमेऱ्याचा, ‘सी’ असेल तर यानाच्या माथ्याखाली बसवलेल्या कॅमेऱ्याचा. पुढे चार आकड्यांत सोल आणि त्यानंतर यानाच्या घड्याळातले सेकंद. पर्सिव्हिअरन्सच्या मास्टकॅम-झेड या कॅमेऱ्याला दोन डोळे आहेत, त्यामुळे तिथं डावा-उजवा हेही नावातच कळतं. फाइलचं नाव कधीही बदलू नका. आमच्या एका मुलानं सुरुवातीला सगळ्यांना ‘मंगळ १’, ‘मंगळ २’ अशी नावं दिली होती. दोन महिन्यांनी कुठला फोटो कधीचा, हे त्याला सांगता येईना.

इनसाइटला कॅमेरे किती होते?

दोनच. एक सुमारे १.८ मीटर लांबीच्या यांत्रिक हातावर आणि दुसरा यानाच्या माथ्याखाली, समोरच्या जमिनीकडे बघणारा. पहिल्याची नजर ४५ अंशांची. दुसऱ्याचं भिंग माशाच्या डोळ्यासारखं, १२० अंशांहून जास्त बघणारं, म्हणून त्यात क्षितिज कमानीसारखं वाकतं. दोन्हींचे फोटो १०२४ बाय १०२४ पिक्सेलचे. आपल्या मोबाइलपुढं हे काहीच नाही आणि पहिल्यांदा बघणारा हमखास निराश होतो. पण हे कॅमेरे सुंदर फोटो काढायला नव्हतेच. भूकंपमापक यानावरून उचलून जमिनीवर अलगद कुठं ठेवायचं, ते बघायला होते. ते काम त्यांनी १९ डिसेंबर २०१८ ला चोख केलं. त्याच मापकानं मे २०२२ मध्ये ४.७ तीव्रतेचा भूकंप नोंदवला.

काही कच्चे फोटो करडे आणि बारीक जाळी मारल्यासारखे का दिसतात?

ती जाळी म्हणजे बिघाड नाही. रांगोळीचे ठिपके डोळ्यांसमोर आणा. समजा प्रत्येक ठिपक्यात एकच रंग भरायची परवानगी आहे. एकात लाल, शेजारी हिरवा, खालच्या ओळीत हिरवा, मग निळा. कॅमेऱ्याच्या चिपवर अशीच रंगीत काचांची मांडणी असते, तिला बेयर फिल्टर म्हणतात. निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. म्हणजे प्रत्येक जागी मोजलेला रंग एकच असतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून काढायचे असतात. तुमचा मोबाइल हे काम गुपचूप करतो. क्युरिऑसिटीच्या मास्टकॅम या कॅमेऱ्याचे काही फोटो मात्र ते काम व्हायच्या आधीच्या स्थितीत मिळतात आणि ते आपल्याला करावं लागतं. त्यासाठीची सॉफ्टवेअर फुकट आहेत. इनसाइटचे संकेतस्थळावरचे फोटो रंगीत होऊनच येतात, म्हणूनही नवशिक्यानं तिथून सुरुवात करावी असं मी म्हणते.

मंगळाचा खरा रंग कोणता? प्रत्येक फोटोत वेगळा दिसतो.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि उत्तर द्यायला मला सगळ्यांत जास्त आवडतं.

जुलै १९७६ मध्ये व्हायकिंग १ उतरलं. त्याचा पहिला रंगीत फोटो घाईघाईत दाखवला गेला तेव्हा त्यात आकाश निळसर होतं. यानावरच्या रंगपट्ट्यांशी ताडून पाहिल्यावर चूक उमगली आणि आकाश गुलाबी-पिवळसर झालं. तिथं हवेत सतत लोखंडाच्या गंजाची बारीक धूळ तरंगत असते, तीच आकाशाला रंग देते. सूर्य मावळताना मात्र उलटं होतं, त्याच्याभोवतीचं आकाश निळसर दिसतं, कारण ती धूळ निळा प्रकाश पुढच्या दिशेला जास्त पाठवते.

आता आपल्या गावातलं उदाहरण घ्या. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर मोबाइलनं फोटो काढलाय कधी? हवेत गुलाल असतो, दगड, माणसं, सासनकाठ्या, सगळं गुलाबी. पण फोटो बघितला तर पांढरं धोतर बऱ्यापैकी पांढरं दिसतं. कारण कॅमेरा स्वतःच ठरवतो की एवढा गुलाबी प्रकाश असू शकत नाही आणि तो रंग काढून टाकतो. आपण मंगळाच्या फोटोंवर ‘ऑटो’ बटण दाबतो तेव्हा नेमकं हेच होतं. दगड पन्हाळ्याच्या वाटेवर दिसतात तसे काळे-करडे होतात. भूगर्भशास्त्रज्ञ मुद्दाम असा फोटो करतात, कारण पृथ्वीवरच्या उजेडात त्यांना दगड ओळखता येतात. त्यात खोटं काही नाही. पण त्याला ‘मंगळावर उभं राहिलं तर असं दिसेल’ म्हणायचं नाही.

माझे वडील महाद्वार रोडवरच्या एका स्टुडिओत काळे-पांढरे फोटो हातानं रंगवायचे. गिऱ्हाईक आलं की आधी विचारायचे, साडीचा रंग कोणता होता? काठ कसले होते? उत्तर मिळेपर्यंत ब्रश उचलायचे नाहीत. कुणी म्हणालं, ‘तुम्हाला छान वाटेल तो द्या’, तर म्हणायचे, ‘नको, घरी विचारून या, मी थांबतो.’ मंगळाच्या बाबतीत हा प्रश्न यानावरच्या रंगपट्टीला विचारायचा. इनसाइटच्या माथ्यावर ती होती आणि तिचा फोटोही मिळतो. पुढे पुढे तिच्यावरही धूळ बसली, म्हणून आम्ही सुरुवातीच्या सोलमधली पट्टी धरतो आणि तेच आकडे पुढच्या सगळ्या फोटोंना लावतो. मग धुळीनं यानाचा रंग खरोखर किती बदलला, ते दिसतं. प्रत्येक फोटोला वेगळं ‘ऑटो’ लावलं असतं तर चार वर्षांची धूळ आपणच पुसून टाकली असती.

कॉम्प्युटर भारी लागतो का? सॉफ्टवेअर कुठलं?

आठ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. फोटोचे रंग आणि साफसफाईसाठी गिंप, फोटो जोडायला ह्यूगिन. दोन्ही फुकट आणि कायदेशीर. चोरून घेतलेलं महागडं सॉफ्टवेअर आमच्याकडे आणू नका, ही विनंती. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत असेल तर शंभर फोटोंचं काम एका झटक्यात होतं, पण येत नसेल तर अडत नाही.

फोटो जोडताना सांधे दिसतात. काय चुकतं?

बहुतेक वेळा दोन गोष्टी.

पहिली, कडेचा अंधार. भिंगामुळे फोटोचे कोपरे मध्यापेक्षा थोडे काळपट येतात. एका फोटोत ते लक्षातही येत नाही. सहा फोटो जोडले की नव्या साडीवरच्या घड्यांसारखे पट्टे उमटतात. जोडण्याआधी प्रत्येक फोटोचे कोपरे उजळून घ्या. ह्यूगिनमध्ये त्याची सोय आहे.

दुसरी गोष्ट समजायला मला महिना लागला. भूकंपमापकापासून यानापर्यंत एक चपटी, पट्ट्यासारखी तार जाते. माझ्या जोडलेल्या फोटोत जमीन अगदी बरोबर बसायची, पण ती तार मध्येच तुटून बोटभर सरकलेली दिसायची. मी पुन्हा पुन्हा जोडून बघितलं. शेवटी आमच्यातले वर्कशॉपवाले काका म्हणाले, ‘अगं, एक डोळा मीट, अंगठा समोर धर, आता दुसरा मीट.’ अंगठा सरकला. तसंच इथं. कॅमेरा हातावर आहे. हात हलला की कॅमेऱ्याची दिशाच बदलत नाही, जागाही बदलते. मग जवळच्या, उंचावरच्या वस्तू जमिनीच्या मानानं सरकतात. उपाय असा: जुळणीचे बिंदू फक्त जमिनीवरच्या खड्यांवर द्या, यानाच्या भागांवर किंवा तारेवर देऊ नका, आणि तारेचा पूर्ण भाग एकाच फोटोतून येईल असा सांधा वळवून घ्या. वळवलेला सांधा कुठून गेलाय, ते फोटोखाली लिहा.

याच सरकण्याचा फायदाही होतो. हात थोडा हलवून काढलेले दोन फोटो लाल-निळ्या चष्म्यातून बघितले की दगड अक्षरशः टेबलावर उठून बसतात.

काळे ठिपके पुसायचे का?

आधी ठिपका कुणाचा आहे ते ठरवा. एकामागून एक चार-पाच फोटो झरझर बघा. ठिपका फोटोतल्या त्याच जागी राहिला आणि दृश्य सरकलं, तर तो भिंगावरचा किंवा चिपवरचा. दृश्याबरोबर सरकला, तर तो मंगळावरचा खडा. खडा पुसायचा नाही.

एका जागच्या फोटोंचा हलता फोटो करून काय मिळतं?

अंबाबाईचा किरणोत्सव ज्यांनी बघितलाय त्यांना हे सांगावं लागत नाही. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, चरणांपासून वर चढतात आणि आपण मिनिटामिनिटाला ती कुठवर आली ते बघत राहतो. एखाद्या दिवशी ढग किंवा धुरकं आडवं आलं की किरणं मध्येच विरतात. माथ्याखालच्या कॅमेऱ्याचे एका सोलमधले फोटो क्रमानं लावले की अशीच सावली चालताना दिसते. भूकंपमापकावरच्या घुमटाची सावली सकाळी एकीकडे, दुपारी आखूड, संध्याकाळी दुसरीकडे लांबत गेलेली. ज्या दिवसांत हवेत धूळ जास्त, त्या दिवशी सावलीची कड पुसट होते. ते वेड्यासारखं वारंवार बघितलं जातं.

मंगळावर चेहरा किंवा प्राणी दिसला, तर?

दिसणारच, आपला मेंदू चेहरे शोधायलाच बसलेला असतो. जुलै १९७६ मध्ये व्हायकिंग १ मोहिमेतल्या, मंगळाभोवती फिरणाऱ्या यानानं सायडोनिया भागातल्या टेकडीचा फोटो काढला आणि त्यात चेहरा दिसला. १९९८ आणि २००१ मध्ये मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानानं अधिक बारीक फोटो काढले, तेव्हा नुसती टेकडी. २०१४ च्या सुरुवातीला ऑपॉर्च्युनिटी या रोव्हरपुढे डोनटसारखा एक दगड अचानक ‘उगवला’. तो रोव्हरच्याच चाकाखाली फुटून उडालेला तुकडा निघाला. असं काही दिसलं तर त्याच जागेचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढून आणा, आपण मिळून बघू. पण ते आधी व्हॉट्सअ‍ॅपवर सोडू नका.

एआयनं फोटो मोठा, चकचकीत करून घेतला तर चालेल?

आमच्याकडे नाही चालत. ते सॉफ्टवेअर पृथ्वीवरचे लाखो दगड बघून शिकलेलं असतं आणि मंगळाच्या दगडावर पृथ्वीची भेग काढून देतं. दिसायला छान, पण ती भेग तिथं नाही. ज्या फोटोत चार पिक्सेलचा खडा आहे, तो चार पिक्सेलचाच राहू द्या.

हौशी लोकांच्या कामाचा कुणाला उपयोग झालाय का?

झालाय. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर आदळला. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ उपग्रहानं त्या भागाचे फोटो काढून लोकांसाठी खुले केले. चेन्नईचे अभियंते षण्मुग सुब्रमण्यन यांनी घरी बसून आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी शेजारी ठेवून रात्री रात्री ताडले आणि एक बारीक ठिपका वेगळा काढला. त्यांनी नासाला कळवलं. डिसेंबरच्या सुरुवातीला नासानं तो अवशेष विक्रमचाच असल्याचं त्यांच्या नावानिशी जाहीर केलं. तो तुकडा लँडर आदळला त्या मुख्य जागेच्या वायव्येला सुमारे ७५० मीटरवर होता. मंगळाबाबत, १९७१ मध्ये उतरलेल्या सोव्हिएत मार्स ३ यानाचे संभाव्य अवशेष रशियातल्या हौशी मंडळींनी उपग्रहाच्या फोटोंत शोधले, ते २०१३ मध्ये जाहीर झालं. आणि पर्सिव्हिअरन्सच्या पॅराशूटवरच्या पट्ट्यांत लपवलेला संदेश लोकांनी व्हिडिओ आल्यापासून काही तासांत उलगडला.

आपल्या मंगळयानाचे फोटो नाहीत का?

आहेत. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला कक्षेत गेलं. त्याची कक्षा खूप लांबुळकी होती, त्यामुळे दूर असताना अख्खा मंगळ एका फोटोत मावायचा. इस्रोच्या विदा केंद्राच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून ते मिळतात. ते यान उतरलं नव्हतं, म्हणून त्यात अंगण नाही, पण पूर्ण गोळा बघायचा असेल तर तेच उघडा.

तयार केलेला फोटो स्वतःच्या नावानं टाकता येतो?

मूळ श्रेय आधी, आपलं नाव नंतर. ‘नासा/जेपीएल-कॅलटेक’ आणि त्यापुढे ‘प्रक्रिया’ म्हणून तुमचं नाव. मास्टकॅम-झेडच्या फोटोंना एएसयू (ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी) आणि एमएसएसएस (मॅलिन स्पेस सायन्स सिस्टिम्स) ही नावंही जोडतात. नासाचं बोधचिन्ह लावायचं नाही. त्याखाली दोन ओळी: सोल कुठला, किती फोटो जोडले, रंग कशावरून लावला, काय पुसलं. एकदा एका ठिकाणी आमचा एक जोडफोटो या ओळी कापून छापला गेला आणि आम्ही रिकामी जागा भरायला मुद्दाम लांबवलेलं आकाश लोकांनी मंगळाचं खरं आकाश समजून बघितलं. त्यानंतर आम्ही आकाश लांबवणं सोडलं. जिथं फोटो नाही, तिथं काळं ठेवतो.

मुलांना आणलं तर चालेल?

पाचवीच्या पुढच्या मुलांना जरूर आणा. ठिपके ओळखण्यात ती आमच्यापेक्षा पटाईत निघतात.

पहिल्या रविवारी येताना काय आणायचं?

लॅपटॉप, चार्जर, माउस (टचपॅडवर बिंदू देताना बोटं दुखतात) आणि एक वही. गिंप आणि ह्यूगिन घरूनच टाकून आणा, सगळ्यांनी एकदम डाउनलोड सुरू केलं की नेट बसतं. पहिल्या दिवशी आपण इनसाइटच्या हातावरच्या कॅमेऱ्याचे, भूकंपमापक ठेवायच्या आधीच्या रिकाम्या अंगणाचे सहा फोटो जोडतो. त्यात तार नाही, म्हणून ते सोपे आहेत. दोन तासांत होतात, चहा धरून अडीच.